फळा काळा करणे

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळ. हजर: खराडीहून बसने आलेली आमच्या कंपनीची माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच निळ्या रंगाचे टी-शर्ट, चित्राचा आराखडा काढणारी अमरावतीची मुलगी, मंडळाचा अध्यक्ष आणि त्याचे कार्यकर्ते, कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाचे चाचा, अण्णा, आणि मी. गैरहजर: नगरसेवक. ते येणार म्हणून नारळ आणून ठेवला होता. शेवटी तो अण्णांनी फोडला.

ही नोंद मी त्याच दिवशी करून ठेवली होती. कंपनीत माझं काम प्रशासनाचं. बस वेळेवर लागणं, चहा पुरणं, पाहुण्यांना गेटवर अडवलं न जाणं, असली कामं लिहून ठेवल्याशिवाय होत नाहीत. तीच सवय घरी येते. राहते मी कसबा पेठेत, जन्मापासून. कंपनीने त्या वर्षी ठरवलं की कर्मचाऱ्यांनी एक दिवस शहरासाठी द्यायचा, एखादी भिंत रंगवायची. भिंत कुठली, असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं. सगळ्यांनी आपापल्या मोबाईलकडे पाहिलं, तेव्हा मी म्हटलं, आमच्या गल्लीत एक आहे.

ती भिंत म्हणजे महापालिकेच्या शाळेची मागची बाजू. शाळेतली मुलं एकेक करून इंग्रजी माध्यमात गेली आणि शाळा अर्धी रिकामी झाली, पण भिंत कधी रिकामी नव्हती. डाव्या टोकाला एका पक्षाने चुना मारून ‘राखीव’ लिहिलेलं. निवडणूक जवळ असो नसो, ते ‘राखीव’ दरवर्षी ताजं व्हायचं आणि दुसरा पक्ष त्याला हात लावायचा नाही. पुण्यात रस्त्यावर एवढी शिस्त फक्त त्याच एका बाबतीत पाळली जाते. मधे कधीतरी टायपिंग क्लासची जाहिरात होती. तिच्यावर संगणक क्लासची आली, मग परदेशी भाषांच्या क्लासची. उजव्या कोपऱ्यात लोक आडोसा शोधत म्हणून सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स बसवलेल्या. आणि बरोबर मध्यभागी फळा.

फळा म्हणजे भिंतीवरच गुळगुळीत गिलावा करून काळा रंग दिलेला चौकोन. दार आडवं ठेवावं एवढा. तो मंडळाचा, पण लिहायचे अण्णा. अण्णा आमच्या खालच्या मजल्यावरचे, तार ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजल्यामुळे स्वतःचा एकही वाया घालवायचे नाहीत. दूध आलं की ओलं फडकं घेऊन खाली जायचे, कालचं पुसायचे, आजचं लिहायचे. गणपतीच्या आधी चाचा काळ्या रंगाचा डबा पाठवायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाठवायचे. मग अण्णा वर्षातून एकदा फळ्याला नवा हात द्यायचे.

मला आठवतं तेव्हापासून शहरात काय चाललंय ते मला त्या फळ्यावरूनच कळत आलं. ‘कोपऱ्यावर एसटीडी सुरू. रांगेत भांडू नये.’ ‘पिंपरीतील कारखाना बंद. आपल्या गल्लीतील चौघे घरी. कोणास काम माहीत असल्यास सांगणे.’ ‘शहरात तणाव आहे. आपल्या गल्लीत नाही. तसेच राहू द्यावे.’ या ओळीखाली त्या दिवशी चाचांच्या वडिलांनी खडूने सही केली होती. पुढे काही वर्षांनी दर महिन्याला कोणी ना कोणी अमेरिकेला जायला लागलं. प्रत्येकाचं अभिनंदन लिहून लिहून अण्णा कंटाळले आणि एक दिवस त्यांनी लिहिलं, ‘यापुढे फक्त परत येणाऱ्यांचे अभिनंदन केले जाईल.’ मंडळाने ते दुपारी पुसलं. सगळ्यात खाली एक ओळ कायम असायची: ‘वाचून पुढे जावे.’ गल्ली अरुंद आहे. फळ्यासमोर दोन माणसं थांबली की सायकल अडते.

पण फळ्याचं खरं काम गल्लीत कोणी गेलं की असे. नाव, घर, किती वाजता निघणार. बस्स. फोन करत बसायची पद्धत नव्हती. माणसं दूध आणायला निघत, फळा वाचत आणि टोपी आणायला घरी परत फिरत. खिडकीतून पाहताना कोणी अर्ध्या वाटेतून मागे फिरलेलं दिसलं की आई म्हणायची, “कोण गेलं बघ गं.” चाचांचे वडील गेले तेव्हा ‘दफनविधी दुपारच्या नमाजनंतर’ हेही त्याच अक्षरात, त्याच जागी होतं. अण्णांची बायको हॉस्पिटलात गेली त्या सकाळी ते रिक्षातून उतरले ते आधी फळ्यापाशी. तिचं नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि मग घरी आले.

त्यानंतर केव्हातरी जिन्यात त्यांनी मला अडवलं.

“माझं तू लिहायचंस.”

“काय?”

“नाव. फळ्यावर. तुझं अक्षर सरळ आहे. सुंदर नाही, सरळ आहे. मंडळाच्या पोरांना ऱ्हस्वदीर्घ येत नाही.”

“अहो अण्णा, सकाळी सकाळी काय हे?”

“मग कधी सांगू? दुपारी मी झोपतो. आणि वय लिहू नकोस. वय वाचलं की लोक म्हणतात, मग झालंच होतं की. तिच्या वेळी म्हणाले.”

“बरं.”

“लिहून ठेव. तू लिहून ठेवलेलं करतेस.”

मी लिहून ठेवलं.

तर भिंत रंगवायची ठरल्यावर माझ्या यादीत कामं बरीच होती. शाळेची परवानगी, वॉर्ड ऑफिसची परवानगी. ‘राखीव’वाल्या पक्षाच्या माणसाला भेटले, तो म्हणाला, “घ्या मॅडम, आपलीच भिंत आहे. निवडणुकीला परत द्या म्हणजे झालं.” तळाच्या पट्टीवर कोणाचं नाव यावं यावर दोन बैठका झाल्या. शेवटी संकल्पना नगरसेवकांची, सौजन्य कंपनीचं, सहकार्य मंडळाचं, असं ठरलं. ज्या मुलीची ती संकल्पना होती ती कोपऱ्यात बसून चहा पीत होती.

ती मुलगी आमच्याच कंपनीत, स्क्रीनवरची बटणं कशी दिसावीत ते ठरवण्याच्या कामावर. शिकलेली मात्र चित्रकला. तिने आराखडा छान केला होता. डावीकडे हातोडा उगारलेला तांबट, ढोल बांधलेली मुलगी, उजवीकडे काचेच्या इमारती आणि सायकली. मधे, जिथे फळा होता तिथेच, फळा. चौकट, खडू ठेवायची फळी, सगळं काढलेलं. तिने तो कागद मंडळाच्या टेबलावर पसरला. अण्णा चष्मा लावून वाकले.

“फळा आहे ना?”

“आहे ना आजोबा. मधातच आहे, पाहा. त्याच्याशिवाय गल्ली कशी होईन?”

“मग रंगवा.”

मी यादीत ‘फळा: आहे’ असं लिहून पुढे बरोबरची खूण केली.

त्या रविवारी दुपारपर्यंत भिंत ओळखू येईनाशी झाली. निळ्या टी-शर्टातली मुलं-मुली, एरवी लिफ्टमध्ये एकमेकांना ओळख न देणारी, शिडीवरून एकमेकांना हाका मारत होती. फळ्याचा भाग त्या मुलीने स्वतः रंगवला. फोटोत नीट यावं म्हणून काळा नाही, गडद हिरवट-राखाडी. त्यावर काय लिहायचं यावर मंडळाचा अध्यक्ष म्हणाला ‘सुस्वागतम्’, कंपनीची एचआर म्हणाली काहीतरी प्रेरणादायी. मुलगी म्हणाली, “आजोबा, तुम्हीच लिहा न, तुमच्या अक्षरात.” अण्णांना पांढरा ऑइलपेंट आणि चपटा ब्रश दिला. खडूच्या माणसाच्या हातात ब्रश जड जातो. पहिलं अक्षर जरा फुगलं, मग जमलं. त्यांनी लिहिलं, ‘वाचून पुढे जावे.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना वाटलं, नवीन रंग दिलाय, उद्घाटनाला एक ओळ रंगात लिहून घेताहेत. वरची जागा आहेच की रिकामी. त्यांना तसं वाटलं हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. चारच्या सुमारास सगळ्या भिंतीवर पारदर्शक लेप मारला. पान खाऊन थुंकलं तरी पुसता येतं, असं डब्यावर लिहिलेलं होतं.

सोमवारी मी कंपनीच्या बससाठी निघाले तर अण्णा भिंतीसमोर उभे. हातात फडकं, खिशात खडू.

“खडू बसत नाही गं.”

“काय लिहिताय?”

“गुरुवारी पाणी नाही. घसरतोय. बघ.” त्यांनी ‘गु’ काढून दाखवला. काही उमटलं नाही, नुसतं कर्रर्र झालं.

“अण्णा, तो फळा नाही. फळ्याचं चित्र आहे.”

त्यांनी खडू परत खिशात टाकला.

“फळ्याच्या जागी फळ्याचं चित्र?”

“हो.”

“वा. मग नळाच्या जागी नळाचंही काढा. गुरुवारी उपयोगी पडेल.”

बस चुकली. त्या मुलीला फोन केला. ती रडवेली झाली. “मॅम, मी तर फळा वाचवलाच न. सगळे म्हणत होते पूर्ण भिंत घे, मीच म्हटलं की फळा राहिलाच पाहिजे.” खरं होतं. तिने वाचवलाच होता. शनिवारी येऊन तेवढा भाग परत काळा करून देते, असंही ती लगेच म्हणाली. मी अण्णांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. “राहू दे. लोकांनी रविवार घालवलाय. आणि ती पोरगी लांबून आलेली.”

मग इतर मार्ग करून पाहिले. चाचांनी दुकानाच्या शटरशेजारी एक सुटी पाटी टांगली. अण्णा त्यावर लिहू लागले. पंधरवड्यात महापालिकेची गाडी आली आणि शहर विद्रूप करणाऱ्या इतर फलकांबरोबर ती पाटीही घेऊन गेली. नेताना कर्मचाऱ्याने मागच्या भिंतीचा मोबाईलवर फोटो काढला आणि चाचांना म्हणाला, “झकास रंगवलीये हो!” अध्यक्षाने मोबाईलवर गल्लीचा ग्रुप केला. सकाळी सगळ्यांचे गुलाब येत, मग सुविचार, मग कोणाच्या तरी पावभाजीची जाहिरात, आणि मधेच कुठेतरी पाणी बंद असल्याचं. त्याखाली अंगठे. अण्णांकडे साधा फोन होता. ते म्हणायचे, “मला अंगठा दाखवणारे प्रत्यक्षात पुष्कळ आहेत.”

पण एकदा जिन्यात, हातातली पिशवी खाली ठेवून, त्यांनी विचारलं, “मग माझं कसं करणार आहेस?”

“करते काहीतरी.”

“काहीतरी नको. तिचं होतं तिथे. आणि तो येतो ना, त्याला कुठून समजणार?”

‘तो’ म्हणजे बुधवार पेठेतले त्यांचे मित्र. जुन्या पुस्तकांचं दुकान मुलाकडे दिलेलं. रोज सकाळी चालत आमच्या गल्लीतून जायचे. फळा वाचायचे, अण्णा दिसले तर एक शुद्धलेखनाची चूक काढायचे, नसली तरी काढायचे, आणि पुढे जायचे. एकमेकांच्या घरी कधी गेल्याचं मी पाहिलं नाही. फोन नंबरही एकमेकांकडे नव्हता. एवढ्या वर्षांत लागलाच नव्हता.

मी यादीत घातलं: ‘फळा काळा करणे.’ चाचांनी त्याच दिवशी डबा पाठवला, तो जिन्याखाली ठेवला. मग परवानगी. चित्र आता वॉर्डाच्या सुशोभीकरणात धरलेलं, म्हणून शाळा म्हणाली वॉर्डात विचारा. वॉर्डात म्हणाले, ज्या कंपनीने रंगवलं तिचं पत्र आणा. कंपनीत असं पत्र देणं प्रशासनाकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. मी मला पत्र दिलं. ते वॉर्डात ‘पुढील कार्यवाहीसाठी’ ठेवून घेतलं गेलं. मधे मार्चअखेर आली, कंपनीने दोन मजले तिसऱ्या इमारतीत हलवले आणि मी सगळ्यांच्या खुर्च्या मोजत बसले. दमून घरी यायची तेव्हा जिन्याखाली डबा दिसायचा. अण्णांच्या दाराखाली उजेड असायचा.

एप्रिलमध्ये, सकाळी, दूधवाल्याने बेल वाजवली. अण्णांनी दार उघडलं नव्हतं. चाचांनी आणि मी मिळून उघडवलं.

मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण त्या दिवशी मला क्रमानेच काय ते सुचत होतं. डॉक्टरांना बोलावलं. कोथरूडच्या पुतण्याला फोन केला. स्मशानाचा पास काढायला अध्यक्षाला पाठवलं. ग्रुपवर टाकलं. आणि अण्णांच्या खिडकीतला खडूचा डबा घेऊन खाली गेले.

कोरडा खडू घसरणार हे माहीत होतं, म्हणून पाण्यात बुडवून लिहिलं. ‘वाचून पुढे जावे’च्या वर, रिकाम्या जागेत, नाव. वय नाही. घरून, अकरा वाजता, हे जागा नसल्याने खालच्या अक्षरांना चिकटून. ओलं असताना नीट दिसत होतं, सरळ आलं होतं. मग शाळेच्या छपरावरून ऊन भिंतीवर आलं. अक्षरं सुकली आणि पापुद्र्यासारखी सुटून खाली पडली. मी परत लिहिलं. परत सुटली.

चाचा शटर अर्धं ओढून आले. त्यांच्या हातात जिन्याखालचा डबा होता आणि नवा ब्रश. मागोमाग अध्यक्ष पास घेऊन आला. मला वाटलं, हा आता चित्राचं काढणार. तो म्हणाला, “काकू, मारून टाका काळा. वॉर्डाचं मी बघून घेतो. पत्रबित्र कशाला पाहिजे, आपली गल्ली आहे.”

इतके महिने जी परवानगी मी शोधत होते, ती अशी उभ्या उभ्या मिळाली. चाचांनी झाकण उघडलं, काडीने रंग ढवळला, ब्रश बुडवला. भिंतीकडे वळले आणि तसेच थांबले.

“हे त्यांच्या हातचं आहे, बेटा.”

“हो चाचा.”

“दुसरं कुठं आहे का त्यांचं?”

नव्हतं. रोज लिहून रोज पुसणाऱ्या माणसाचं कुठे काय राहणार? एवढे तीन शब्द होते, तेही रंगात लिहायला लावले म्हणून.

“खालची ओळ सोडून मारता येईल,” अध्यक्ष म्हणाला. पण ओळ खाली नव्हती. सवय नसलेल्या ब्रशने लिहिताना ती मधोमध आली होती, अक्षरंही नेहमीच्या दुप्पट. तिला सोडून उरलेल्या जागेत नाव मावलं असतं, वेळ नाही.

“चाचा, ते असते तर फडकं मारून मोकळे झाले असते,” मी म्हटलं.

“ते असते ना,” चाचा म्हणाले.

ब्रशवरून रंग त्यांच्या चपलेवर ठिबकला. मी ब्रश मागून घेतला नाही. वरून पुतण्याने हाक मारली आणि आम्ही गेलो. जाताना चाचांनी झाकण घट्ट बसवलं.

अकराला निघालो तेव्हा बारापंधरा माणसं होतो. ग्रुपवर मात्र हात जोडलेले पुष्कळ आले, त्यातले काही संध्याकाळी. एकाने त्याखाली त्याच दिवशीच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण टाकलं, मग माफी मागून काढून घेतलं.

दहाव्यानंतर बुधवार पेठेतले मित्र आले. कोणाकडून तरी कळलं होतं. आत बोलावलं तर आले नाहीत, जिन्यातच उभे राहिले.

“कधी?”

मी सांगितलं.

“त्या दिवशी मी गेलो होतो की या गल्लीतून. नेहमीच्या वेळेला. भिंतीसमोर थांबलो होतो.”

“आजोबा, मी लिहिलं होतं, पण ते–”

“मी वाचलं. ‘वाचून पुढे जावे.’” त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “गेलो पुढे.”

मी चहा विचारला. ते म्हणाले, नको. जाताना म्हणाले, “अक्षर त्याचंच आहे. पण ‘जावे’चा काना वाकडा आलाय. सांगायचं राहिलं.”

आता अडचण अशी काहीच नाही. अमरावतीची मुलगी बंगळूरला जायच्या आधी येऊन ती ओळ ट्रेसिंग पेपरवर उतरवून गेली, कागद माझ्या कपाटात आहे. फोटो आहेत. अध्यक्ष दर वेळी भेटला की विचारतो, “काकू, कधी मारायचा?” गल्लीत त्यानंतरही दोघं गेले, त्यांचं ग्रुपवर आलं. काचेच्या इमारतींना खालून ओल चढली आहे, पोपडे निघायला लागलेत. तांबटाचा हातोडा गेला. ‘राखीव’वाल्यांनी निवडणुकीला डावं टोक परत घेतलं, ढोलवाल्या मुलीच्या निम्म्या अंगावर चुना आहे. फळ्याच्या भागावरचा लेप मात्र पक्का बसला आहे. ती ओळ जशीच्या तशी आहे.

या रविवारची यादी: टाकी धुऊन घेणे. गॅसचा पाइप बदलणे. पुतण्याला अण्णांच्या खोलीच्या किल्लीबद्दल विचारणे. फळा काळा करणे.

पहिली तीन झाली. गणपती जवळ आल्यामुळे चाचांनी परवा रिवाजाप्रमाणे नवा डबा पाठवला. तो जिन्याखाली, जुन्याच्या शेजारी ठेवला आहे.